टेंपोवाल्याचा सातबारा

विमान चालवणाऱ्यांतही सोवळं-ओवळं असतं, हे मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. मुंबईत कंपनीचं स्नेहसंमेलन होतं आणि आमचे हे मला हौसेनं घेऊन गेले होते. जरीकाठी साडी नेसून मी अंग चोरून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर कशावर आहेत?"

मी म्हणाले, "पगारावर."

त्या इतक्या हसल्या की हातातलं सरबत त्यांच्याच मांडीवर सांडलं. मग त्यांनी ते पलीकडच्या बाईला सांगितलं आणि तिनं तिच्या पलीकडचीला. कशावर म्हणजे कोणत्या विमानावर, हे मला परत येताना समजावून सांगण्यात आलं. आमचे हे पंख्याच्या विमानावर होते. दोन बाजूंना दोन पंखे गरागरा फिरतात, ते विमान. मोठी माणसं जेटवर असत. जेटवाले आपसांत आमच्या विमानाला टेंपो म्हणत आणि ते चालवणाऱ्यांना टेंपोवाले. त्या दिवशी मला नुसता राग आला होता. किळस यायला अजून बराच काळ जायचा होता, पण आली ती मग कायमची राहिली.

जेट दिल्लीला, कलकत्त्याला, मद्रासला जायचं. टेंपो भावनगरला, बेळगावला, जिथं धावपट्टीवरून आधी म्हशी हाकलाव्या लागायच्या तिथं. जेटवाला सकाळी चढला, दुपारी उतरला की त्याचा दिवस संपला. यांना दिवसातून चार-चार, सहा-सहा वेळा चढउतार, पावसाळ्यात तर पुढचं काही दिसत नसताना. पगार मात्र जेटवाल्याचा कितीतरी जास्त, वर तासांचा भत्ता वेगळा, मुक्कामाला हॉटेल. यांना मुक्कामाला डाकबंगला आणि ढेकूण. हे दहिवलीला घरी आले की सासूबाई यांची बॅग आधी अंगणात उन्हात ठेवायला लावत आणि मगच घरात घेत.

यातून बाहेर पडायची एकच वाट होती, ती म्हणजे जेटवर जाणं. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो आणि त्याचा मदतनीस उजवीकडे. टेंपोची डावी खुर्ची यांना मिळाली होती, पण यांना हवी होती जेटची. दागिना म्हणू नका, घर म्हणू नका, या माणसानं आयुष्यात दुसरं काही मनापासून मागितलं नाही. जेटच्या शिक्षणाला कोणाला पाठवायचं ते म्हणायला कंपनी ठरवायची, पण वैमानिकांच्या संघटनेची कमिटी ज्याच्या नावाला नाक मुरडेल त्याचं नाव मागं पडायचं. कमिटीत सगळे जेटवाले. दर खेपेला नावं लागायची, त्यात हे नसायचे. मग हे घरी येत, बूट काढत आणि कोणाशी न बोलता सासऱ्यांच्या भाताच्या गिरणीत कोंड्याच्या ढिगापाशी जाऊन बसत.

गिरणी कर्जतला, घर दहिवलीला, भाताची चार खाचरं घराच्या मागं. मी सासू-सासऱ्यांजवळ राहत असे. हे मुंबईत एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत आणि सुटी मिळाली की घरी येत. गिरणीवर येणाऱ्यांना सासरे सांगत, "पोरगा इमानावर डायवर हाय." यांना ते बिलकूल आवडत नसे. मला वाटायचं, सगळ्या घरात तेवढं एकच माणूस खरं बोलतंय.

मग जेटवाल्यांना शेतीचं वेड लागलं. रविवारी गाड्या काढून ते जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निघत, चौकच्या आसपास कुठंतरी थांबत, खाचरांकडे बघत लांब श्वास घेत आणि म्हणत, काय हवा आहे. हवा बघून जमीन हवी झाली. आंब्याची दोन-चार कलमं लावायची, एक बंगली बांधायची, शनिवार-रविवार यायचं आणि लोकांना सांगायचं की आमचं फार्म आहे. खिसे भरलेले होते, त्यामुळं वाटलं की जमीन भाजीसारखी पिशवीत घालून नेता येईल. पण कायदा आडवा आला. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही.

संघटनेचे अध्यक्ष या वेडात सगळ्यांच्या पुढं. धिप्पाड, गोरे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांना तलाठ्यानं विचारलं, "सातबारा हाय का तुमच्या नावाचा कुठं?" अध्यक्षांना वाटलं, तो कचेरीची वेळ सांगतोय. पुढच्या खेपेला ते बरोबर सात वाजता येऊन कचेरीच्या पायरीवर बसले. ही गोष्ट आमच्या लोधिवलीत, म्हणजे माझ्या माहेरी, कित्येक वर्षं चघळली गेली.

हसून झालं आणि मग कोणीतरी अध्यक्षांच्या कानात सांगितलं की आपल्या टेंपोवाल्यांत एक अस्सल शेतकरी आहे, कर्जतचा.

तोवर या गृहस्थांनी यांना धड हाक मारलेली नव्हती. त्या रविवारी ते आमच्या ओटीवर येऊन बसले. सासूबाईंना वाकून नमस्कार केला, "आई" म्हणाले, मी पुढं केलेली पोह्यांची बशी चाटूनपुसून खाल्ली. मग मुद्द्यावर आले. जमीन यांच्या नावावर घ्यायची, पैसे अध्यक्ष देणार. पुढं काही मार्ग निघाला की अध्यक्षांच्या नावावर करून द्यायची. आणि मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेटच्या पुढच्या तुकडीत पहिलं नाव तुमचं. माझा शब्द आहे."

यांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. लहान पोराला जत्रेत नेतो म्हटल्यावर होतो तसा झाला होता.

सासऱ्यांनी पान चघळत एवढंच विचारलं, "जमीन तुमची, नाव आमचं. मंग राखन कोन करनार, सायेब?"

"तुम्हीच की," असं म्हणून साहेब हसले.

सासूबाई चुलीपाशी मला म्हणाल्या, "दुसऱ्याचं लेकरू कडेवर घ्यावं गं, दुसऱ्याची जमीन नाय घेऊ. लेकराला निदान त्याची आय न्यायला येते." पण यांना हे सांगायची सोय नव्हती. माझ्या माहेरच्या शिवेला लागून एक मुरमाड माळ होता. त्याचा मालक पुण्याला जाऊन राहिला होता, त्याला विकायचाच होता. महिन्याभरात सातबाऱ्यावर यांचं नाव चढलं.

त्यानंतरची वर्षं आठवली की मला अजून किळस येते. हे आकाशातून उतरायचे ते सरळ लोधिवलीला. कुंपण यांनी घातलं, खड्डे यांनी काढून घेतले, तलाठ्याच्या पायाही हेच पडले. उन्हाळ्यात कंपनीची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे माझ्या वडिलांच्या विहिरीवरून कलमांना घागरी घालत. माझे वडील बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "आमी जावय कॅप्टन म्हनून केला, गडी म्हनून नाय गं."

रविवारी साहेब लोक यायचे. कोंबड्या आम्ही सोलायच्या, तांदळाच्या भाकऱ्या मी थापायच्या. बाटल्या त्यांच्या. खाऊन झाल्यावर हाडकं शेजारच्या खाचरात भिरकावून द्यायची, तिथं चिखलात अनवाणी माणसं उतरतात याची जाणीव कोणाला नाही. एका कॅप्टननं पाय धुतले ते विहिरीच्या काठावर बसून, पाणी परत आत जाईल असे. त्याच विहिरीचं पाणी मी पुन्हा त्यांनाच प्यायला दिलं आणि बाई, किती गोड पाणी आहे, म्हणत ते प्यायले. त्यात मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आणि बोलणं? बोलणं फक्त पगाराचं. परदेशात म्हणे जेटवाल्याला किती मिळतं, आपल्याला किती कमी, कशी आपली पिळवणूक होते. हे सगळं कोंबडीच्या तंगडीला दात लावून. माळाच्या खाली आमच्याकडची माणसं दिवसभर कमरेत वाकून भात लावत होती आणि वर सावलीत ही माणसं आपल्या गरिबीवर हळहळत होती. एकदा अध्यक्षांच्या बायकोनं मला सांगितलं, "तुम्हाला काय, तुमचा खर्च कमी. आम्हाला आमच्या लेव्हलनं राहावं लागतं." ढेकर देऊन सांगितलं.

नावं लागत राहिली. पहिल्या खेपेला अध्यक्ष म्हणाले, या वेळी वरून दबाव होता. दुसऱ्या खेपेला म्हणाले, थोडी कळ काढा. काम सरेपर्यंत मामा म्हणायचं असतं, हे यांना सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग कंपनीचा आणि संघटनेचा नवा करार व्हायची वेळ आली. मुंबईत बसलं तर वर्तमानपत्रवाले मागं लागतात, म्हणून कमिटीनं बैठक लोधिवलीच्या माळावर ठेवली. थंडीचे दिवस होते, वालाला शेंगा भरल्या होत्या. साहेबांना पोपटी पाहिजे होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मध्ये कोंबडीचे तुकडे, तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ही अंधार पडल्यावर शेकोटीला बसून खायची चीज. पण साहेबांचं संध्याकाळी मुंबईत जेवण होतं, म्हणून आम्ही ती भर दुपारी लावली. माझ्या भावाला लाज वाटली, जाळ लावून तो घरी निघून गेला.

हे खाली विहिरीवर पंप दुरुस्त करत होते. मी शेंगा वाढत होते. ते इंग्रजीत बोलत होते. माझं मॅट्रिक झालं होतं आणि नवऱ्याच्या वर्तुळात शोभावी म्हणून यांनीच मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायची सवय लावली होती, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. भाकरी थापणारी बाई इंग्रजी कशाला समजेल?

समजलं ते असं. कंपनी जेटवाल्यांचा पगार भरपूर वाढवून द्यायला तयार होती. त्या बदल्यात टेंपोवाल्यांचं काहीही करा, असं संघटना म्हणणार होती. टेंपोवाल्यांची यादी वेगळी करायची. त्यातला कोणी जेटवर आलाच, तर त्याची आधीची सगळी नोकरी शून्य धरायची आणि त्याला जेटच्या सगळ्यांत धाकट्या पोराच्याही खाली बसवायचं. म्हणजे यांनी ज्या पोरांना शिकवलं होतं, त्यांच्या उजव्या हाताला बसून यांनी म्हातारं व्हायचं. डावी खुर्ची निवृत्तीच्या दिवशी मिळाली तर मिळाली.

एकानं विचारलं, "आणि आपल्या या माळ्याचं काय?" अध्यक्ष शेंगेचं साल थुंकून म्हणाले, "त्याला कळेपर्यंत कलमं मोहरतील." सगळे हसले. त्यांच्या हनुवट्यांवर कोंबडीचं तेल चकाकत होतं. मी तिथून उठले आणि कुंपणापलीकडे जाऊन खरोखर ओकले.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला इंग्रजी नीट कळलं नसेल."

करार झाला आणि मला नीट कळलं होतं असं सिद्ध झालं.

यांचा मुंबईचा मित्र, ज्याच्याबरोबर हे खोलीत राहत, धावत दहिवलीला आला. तोही पंख्याच्या विमानावर कॅप्टन, यांच्याच वयाचा. मला वहिनी म्हणायचा. ओटीवर बसून त्यानं यांना स्पष्ट सांगितलं, "अध्यक्षाची मान तुझ्या हातात आहे. सातबारा तुझ्या नावाचा. तो जमीन मागायला येणारच. तेव्हा त्याला म्हण, करारातलं हे कलम आधी मागं घ्या. आपल्या सगळ्यांसाठी बोल. आम्ही तुझ्या मागं उभे आहोत."

सासरेही तेच म्हणाले, जरा वेगळ्या चालीनं. "नाव कोनाचं हाय रं? तुजं. मंग जमीन कोनाची? द्यायचीच नाय म्हन. करू दे काय करायचं ते."

यांनी दोघांचं ऐकून घेतलं. "बघतो," म्हणाले. त्या रात्री यांना शांत झोप लागली, आणि मलाही. मला वाटलं, इतकी वर्षं घागरी वाहिल्या, पण शेवटी या माणसाच्या हाती काहीतरी आलं आणि ते हा चांगल्या कामाला लावणार.

अध्यक्ष आले. मधल्या काळात त्यांनी कुठल्या तरी लांबच्या गावाहून आपण पिढीजात शेतकरी असल्याचा दाखला पैदा केला होता. नांगराला कोणता बैल कुठं जुंपतात हे विचारलं असतं तर मेले असते, पण दाखला होता. तेव्हा जमीन आता त्यांच्या नावावर करून पाहिजे होती. रस्त्याकडेच्या जागांचे भाव चढले होते. साहेबांनी या खेपेलाही सासूबाईंना नमस्कार केला. सासूबाईंनी पाय मागं घेतले.

हे म्हणाले, "सही देणार नाही."

मी चहा घेऊन आले होते ती तिथंच उंबऱ्याशी थांबले. लग्नापासून पहिल्यांदा मला यांचा अभिमान वाटला. अध्यक्षांचा रंग उतरला. त्यांनी खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो यांनी झटकला. मग अध्यक्षांनी विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?"

आता हे करारातल्या त्या कलमाचं बोलणार, म्हणून मी कान दिला.

हे म्हणाले, "मला जेटवर घ्या. माझी सगळी नोकरी धरून. डावी खुर्ची. खास बाब म्हणून."

"फक्त तुम्हाला?"

"फक्त मला."

अध्यक्षांचा चेहरा असा काही फुलला की बघवेना. हा माणूस आपल्यातलाच निघाला, याचा तो आनंद होता. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि या खेपेला तो यांनी ठेवू दिला. "एवढंच ना? मग आधी सांगायचं." चहा दोघांनी मिळून घेतला. पुढच्या आठवड्यात दोघं एकाच गाडीतून सह्या करायला गेले.

जेटच्या तुकडीची नावं लागली, त्यात टेंपोवाल्यांपैकी एकच नाव होतं. यांनी नवा गणवेश शिवायला टाकला आणि माप देऊन आल्यावर सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाई म्हणाल्या, "भलं होवो." सासरे गिरणीवरून त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

दोन दिवसांनी मित्र आला. ओटीवर टेकला आणि बूट न काढताच त्यानं विचारलं, "बोललास ना आपल्यासाठी?"

"बोललो रे," हे म्हणाले. "खूप भांडलो. ऐकलंच नाही त्यांनी. म्हणाले, एकालाच घेता येईल." एवढं बोलून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा घेऊन उभी होते. विमानतळावर आपला माणूस दिसावा तसं पाहिलं, हक्कानं. मी मान हलवावी एवढीच अपेक्षा होती.

विहिरीत पाय धुणारा तो कॅप्टन मला त्या क्षणी यांच्यापेक्षा स्वच्छ वाटला.

मी म्हणाले, "नाही बोलले. तुमचं नावसुद्धा काढलं नाही. 'फक्त मला घ्या' म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले."

हे उठले, चपला घातल्या आणि गिरणीच्या वाटेनं चालू लागले. मी मित्राकडे बघण्याचा धीर करत होते. वाटलं, हा आता शिव्या देईल, नाहीतर डोकं धरून बसेल. त्याचं तर सगळं गेलं होतं. त्यानं कप उचलला, चहा बशीत ओतला आणि सावकाश एक घोट घेतला.

"वहिनी, त्याला बोलू नका," तो म्हणाला. "त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

मग त्यानं आत डोकावून सासूबाई जवळ नाहीत ना हे पाहिलं आणि जरा पुढं सरकला. "कमिटीत ते दुसरे आहेत ना, चष्म्यावाले, त्यांनाही म्हणे इकडं जमीन बघायची आहे. तुमच्या माहेराकडे अजून एखादा माळ आहे का विकायला? सातबारा माझाही आहे. कऱ्हाडकडचा."

मी त्याच्या हातातून बशी काढून घेतली. चहा अजून संपला नव्हता.